तो ब्रश काकालासुद्धा द्यायचा नाही

चि. सुजाता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अॅल्युमिनियमच्या वेल्डिंगचे चारही फोटो बघितले. फोनवर सांगायला लागलो की ‘कळलं बाबा’ म्हणून ठेवतेस, म्हणून हे लिहून पाठवतोय. काकाच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये मशीनजवळ चिकटवून ठेव.

करंट ९० पासून १६० अँपिअरपर्यंत फिरवून बघितला म्हणतेस. बटणाला हात लावायच्या आधी जोड बघायचा गं. चारातले तीन दोष करंटचे नाहीतच.

पहिल्या फोटोत दोन्ही पट्ट्यांच्या कडा वितळून गोळे झालेत, खरं एकमेकांत मिसळत नाहीत. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइड २००० च्याही वर. यमनापूरला हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जो पांढरा अॅल्युमिना काढतात ना, तीच ही वस्तू; पत्र्यावर मात्र डोळ्याला दिसत नाही एवढी पातळ. आत रस झालेला आणि बाहेर पिशवी शाबूत, अशी गत होते. एसी म्हणजे सारखी दिशा बदलणारा करंट; तो उलटा फिरतो त्या अर्ध्या वेळात आर्क, म्हणजे टॉर्चच्या टोकाची विजेची ज्योत, ती पिशवी फोडतो, म्हणून तर अॅल्युमिनियमला एसी लावतात. तरी सगळं त्याच्यावर सोडू नकोस. आधी अॅसिटोननं पुसायचं, ते वाळू द्यायचं, मग स्टेनलेसच्या ब्रशनं घासायचं. उलटं केलंस तर ब्रशनं तेलच आत चोळशील. आणि तो ब्रश लोखंडाला एकदासुद्धा लावायचा नाही, कुणी मागितला तरी द्यायचा नाही. काकालासुद्धा. जोडात वितळवून भरायची फिलरची काडीही पूस, ती सगळेच विसरतात. ब्रेक क्लीनरनं मात्र पुसू नकोस. त्यात क्लोरीन असलं तर आर्कखाली विषारी वायू होतो.

दुसऱ्यात काजळी आहे आणि टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं. पट्ट्या घासल्या होत्या म्हणतेस, मग आर्गन बघ, रसाला हवा लागू देत नाही तो गॅस. मिनिटाला ८ ते १० लिटर पुरे. जास्त सोडलास तर गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. डोक्यावरचा पंखा चालू होता ना? मला खात्री आहे. शिवाय आपल्याकडचा पाऊस! रात्रभर गारठलेल्या पत्र्यावर ओल धरते, त्या पाण्यातला हायड्रोजन रसात शिरतो आणि गोठताना छिद्रं करून अडकून बसतो. सकाळी पट्टी जरा गरम करून कोरडी करून घे.

तिसऱ्याचं सोपं आहे, टंगस्टन, म्हणजे टॉर्चमधली आर्क काढणारी सळी, रसात बुडवलंस. लाजू नकोस, मी सुरुवातीला दिवसातून वीसदा बुडवायचो. खरं तसंच पुढे रेटू नकोस, आर्क भरकटतो. खराब टोक काढून टाक आणि पुन्हा घासून घे, घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेनं यायला हव्यात. टोक आणि काम यांत टंगस्टनच्या जाडीएवढंच अंतर ठेव, तुझं २.४ मिलीमीटरचं आहे.

चौथ्यात शेवटाला भोक पडलं. हा एकच दोष करंटचा. लोखंड लाल होऊन आधी सांगतं, अॅल्युमिनियम काहीच न सांगता खाली गळतं. रंगाची वाट बघू नकोस. पृष्ठभाग आरशासारखा चकाकला की काडी टेकव आणि पुढे सरक. ३ मिलीमीटरला सुरुवातीला १२० च्या आसपास लागेल, खरं अर्धी पट्टी झाली की सगळा पत्रा तापलेला असतो, तेव्हा पायातलं करंटचं पेडल सोडत आणायचं. शेवटी एकदम पाय उचलू नकोस. काडीचा एक थेंब जास्त घाल आणि हळूहळू उतर, नाहीतर खड्ड्यात तडा जातो. गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथंच धरून उभी राहा.

काकानं दिलेलं मोटारसायकलचं क्रँककेस, इंजिनाचं ते ओतीव कवच, अजून महिनाभर फळीवरच राहू दे. ओतीव कामात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. इथं गोव्यात बोटीवर आम्हाला नवा कोरा पत्रा मिळतो, तरी दमायला होतं. पुढच्या वेळी जोडाचा वरून फोटो नको. मधोमध कापून, कापलेली बाजू दाखव.

आणि आई सांगत होती, तुझ्या गळ्याची कातडी सोलली आहे. चुलीची धग नव्हे ती, आर्कचा उजेड आहे, आणि अॅल्युमिनियमवरून तो उलटा अंगावर येतो. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाल, वरचं बटणसुद्धा लाव. उकडलं तरी.

तुझे
बाबा