आजोबांचा दगड सपाट करून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

चार दिवस झाले, आजोबांच्या धोकटीतल्या वस्तऱ्याने मी माझी दाढी करतोय. ओढ नाही, आग नाही. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुमच्याशी नीट बोलताच येत नाही, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

त्या दुपारी तुम्ही केस कापायला आलात तेव्हा मी मागच्या मोरीत शहाबादी फरशीवर आजोबांचा वस्तऱ्याला धार लावायचा दगड सपाट करायला तासभर घासत बसलो होतो. तुम्ही काही न बोलता खिशातली स्टीलची पट्टी काढलीत आणि आधी फरशीवरच उभी धरलीत. पट्टीखालून उजेड दिसला. "फरशीच वाकडी हाय, मग दगड सरळ कुठनं व्हणार?" उद्यमनगरच्या टूलरूममध्ये, अचूक हत्यारं-साचे बनवण्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा तो एक प्रश्न, आणि माझा हात थांबला.

वेळेवर थांबला, हे मला नंतर कळलं. आमचा दगड बेल्जियमचा, आर्देनच्या डोंगराळ भागातल्या व्हिएलसाल्म परिसरात सापडणारा कोटिक्यूल. तिथे पाटीच्या दगडात हे पिवळे थर असतात, तेही पातळ. मोडू नये म्हणून पिवळ्याच्या पाठीला बहुधा पाटीचा दगड जोडलेला असतो. धार लावतात ते पिवळ्यातले गार्नेटचे अतिसूक्ष्म कण. आपला गोमेद त्याच कुळातला. आमच्याकडे तो पिवळा थर उरलाय जेमतेम पाच मिलीमीटर. मी असाच घासत राहिलो असतो तर त्यातलाही किती गेला असता!

दुसऱ्या दिवशी तुम्ही जाड काच, पॉलिश पेपर आणि बारीक फट मोजायची फिलर गेज घेऊन आलात. पट्टीखाली गेजची पानं सरकवून मोजलंत: मधोमध अर्धा मिलीमीटर खोल. सुरीला एवढं चालून जातं, कारण तिचा कोन आपला हात धरतो. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, कोन पाठच ठरवते. खोलगट दगडावर पात्याचा मधला भाग अधांतरी राहतो. माझा वस्तरा टोकाला लागायचा आणि मध्ये बोथट का, याचं उत्तर मला वर्षभर सापडत नव्हतं.

खरं सांगू? ती खोलगी घालवायला माझा जीव होत नव्हता. आजोबांच्या हाताने पडलेली होती ती. तुम्ही ओळखलंत. म्हणालात, "मागची काळी बाजू हाय तशीच राहू दे. तिथं त्यांच्या बोटांची जागा हाय." खरोखरच तिथे दोन गुळगुळीत ठसे आहेत. इतकी वर्षं दगड हाताळूनही मला दिसले नव्हते.

मग पिवळ्या बाजूवर पेन्सिलच्या आडव्या-उभ्या रेघा, काचेवर ओला २२० नंबरचा पेपर, आणि हलका हात. बोटं मधोमध, टोकं दाबायची नाहीत, वीसएक फेऱ्यांनी दगड उलट फिरवायचा. काठावरच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या हटेनात. पुसायच्या, पुन्हा काढायच्या. पाणी कमी पडू दिलं नाहीत. ही धूळ कोरडी उडून छातीत जाता कामा नये, हे तीनदा बजावलंत. शेवटची रेघ गेली तेव्हा पट्टीखाली अंधार होता. पुढे आणखी बारीक पेपर, ४००, ६००, १०००, आणि प्रत्येक पेपरनंतर काच, दगड, हात सगळं धुऊन, कारण जाडा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. शेवटी चारही काठांची धार किंचित घासून मोडलीत, नाहीतर वस्तऱ्याच्या धारेला खाच पडते म्हणून.

दगडावर आधी दाट पिवळसर पाणी काढून वस्तरा पाजवला, थेंबथेंब पाणी वाढवत शेवटी नितळ पाण्यावर आणला, मग चामोटीवर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, ओढला.

धोकटीत वस्तरे दोन आहेत. दुसरा कुणाच्या गालाला लावणार नाही. तो फक्त तुमचा म्हणून पाजवून वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत या.

तुमचा,
दुकानातला पोरगा