जेवण अंगावर येते तेव्हा

सांगली,
१२ जुलै

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. चार पानांपैकी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा उल्लेख दोनच ओळींत आणि बाकी सगळे जेवणानंतरच्या थकव्याविषयी, यावरूनच तू किती मेटाकुटीला आली आहेस हे कळले. "चार घास खाल्ले की अंगातले त्राण जाते, आणि घरातले म्हणतात, वजन उतरले पण आळस काही उतरला नाही," हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. आळसाच्या जागी 'नखरे' हा शब्द घातला, की तेच वाक्य मी तीन वर्षांपूर्वी ऐकलेले आहे.

आपल्याकडे या थकव्याची मोठी अडचण अशी, की त्याला आधीच एक लाडके नाव आहे: वामकुक्षी. जेवून डोळा लागला तर त्यात कोणाला आजार दिसत नाही. उलट पाहुण्याला जेवण अंगावर आले म्हणजे यजमानाला धन्य वाटते. त्यामुळे मला स्वतःलाही हे काहीतरी वेगळे आहे हे कळायला फार वेळ लागला. साधी सुस्ती आली की माणूस लवंडतो, अर्ध्या तासाने ताजा होऊन उठतो. इथे मात्र छाती धडधडते, कपाळावर गार घाम येतो, आणि झोप न लागताही उठवत नाही.

माझा पहिला प्रसंग ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या महिन्यातला. आम्ही गाडीने मिरजेहून परत येत होतो. वाटेत रसवंतीगृहाच्या घुंगरांचा आवाज आला आणि उसाच्या मुलखात वाढलेल्या मला राहवले नाही. अर्धाच पेला घेतला, तोही बर्फ न घालता. गाडी दहा-बारा मिनिटे पुढे गेली असेल नसेल, तोच पोटात गडगड सुरू झाली, कानशिले तापली आणि हातपाय गळून गेले. यांनी गाडी एका कडुलिंबाखाली थांबवली आणि मी मागच्या सीटवर पाऊण तास आडवी पडून राहिले. उन्हाने झाले असेल, असे आम्ही दोघांनीही ठरवून टाकले.

खरे कारण पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले, आणि मला ते माझ्या मामांच्या शेतावरून चटकन उमगले. मामा रात्री उसाला दारे धरायला जात, ते तुला आठवत असेल. एक सरी भरली की फावड्याने दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचे. माणूस पेंगला की पाणी एकदम सगळीकडे पसरते. आपल्या जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथे लहान आतडे सुरू होते तिथे, अशीच एक स्नायूंची झडप असते आणि ती अन्न थोडे थोडे पुढे सोडते. माझी शस्त्रक्रिया बायपासची. तीत जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा ठेवून तो आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडतात, त्यामुळे अन्नाच्या वाटेवर ती झडप लागतच नाही. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की त्याला पातळ करण्यासाठी रक्तातले पाणी आतड्याकडे ओढले जाते, वाहत्या रक्ताचे प्रमाण कमी पडते आणि हृदय धावाधाव करू लागते. हे खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत घडते. डॉक्टर याला डंपिंग म्हणतात. शब्द कचऱ्याच्या गाडीसारखा वाटतो खरा, पण वर्णन चोख आहे.

हे समजल्यावर मी साखर, गूळ, सरबते सोडली, जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी पिणे बंद केले, आणि सुटले असे समजले. मग दुसऱ्या वर्षी दुसरीच तऱ्हा सुरू झाली, आणि ती जास्त फसवी निघाली.

संकष्टीचा दिवस होता. डबाभर साबुदाण्याची खिचडी मी साडेबाराला खाल्ली. गोड नाही म्हणून मन निश्चिंत. अडीचच्या तासाला फळ्यावर वर्गसमीकरण सोडवीत होते, आणि तिसऱ्या पायरीवर मला माझेच अक्षर लागेना. हात थरथरत होता, खडू दोनदा पडला. मुली हसल्या, मग गप्प झाल्या. स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी साखरपाणी दिले, पाच मिनिटांत बरे वाटले, आणि सव्वाचारला पुन्हा तेच, आधीपेक्षा वाईट. घरी पोहोचताच सासूबाईंनी आपले साखर मोजण्याचे यंत्र काढले, माझ्या बोटाला सुई टोचली, आणि चश्म्याआडून आकडा वाचला: ५१. "अगं, हे माझं असतं तर मला दवाखान्यात नेलं असतं," असे त्या म्हणाल्या. नखरे हा शब्द त्या घरात त्या दिवसानंतर ऐकू आला नाही.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो गोड नसला तरी आतड्यात झपाट्याने साखर होऊन रक्तात शिरतो, आतड्यातली संप्रेरके स्वादुपिंडाला चेतवतात, गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सुटते, आणि १ ते ३ तासांनी रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली घसरते. त्यावर साखरपाणी प्यायले की तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून. साखर घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. आकडा ७० च्या खाली असेल तर लहान ३ चमचे साखर लगेच घ्यावीच, पण बरे वाटू लागताच तिच्यामागे उकडलेले अंडे, पनीरचा तुकडा किंवा मूठभर शेंगदाणे गेले पाहिजेत. मला काही महिने जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर अकार्बोजची गोळी होती. ती पिष्ट फुटण्याचा वेग कमी करते, पोटात वायू भरपूर करते, आणि ती चालू असताना साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजची पावडरच घ्यावी लागते. ही शेवटची गोष्ट मला गोळी लिहून देणाऱ्याने सांगितली नव्हती, औषधांच्या दुकानातल्या मुलाने सांगितली.

आता तुझ्याविषयी. तुझी शस्त्रक्रिया स्लीव्हची आहे, म्हणजे जठराचा मोठा भाग काढला असला तरी झडप जागेवर आहे. स्लीव्हमध्येही जठर लवकर रिकामे होते आणि हा त्रास होऊ शकतो, पण माझी कहाणी जशीच्या तशी स्वतःवर लावून घेऊ नकोस. तू एकाच श्वासात दोन गोष्टी लिहिल्या आहेत: जेवल्यावर गळून जाते, आणि दिवसभरही दम लागतो, केस मूठमूठ गळतात. पहिली घड्याळाने उलगडेल, दुसरी रक्ततपासणीने. एक वही कर, पहिला घास कितीला, काय खाल्ले, किती मिनिटांनी त्रास, एवढेच लिही, आणि शक्य असेल तर त्या वेळची साखर मोज. रक्तात हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्वही तपासून घे. लोह आणि कॅल्शियम या गोळ्या एकदम घेऊ नकोस, दोन तासांचे अंतर ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको. तुझा चहा मला माहीत आहे म्हणून लिहिते.

दोन गोष्टी मात्र वहीत लिहून थांबण्यासारख्या नाहीत. तू रक्तदाबाची गोळी अजून पूर्वीच्याच मात्रेत घेतेस असे दिसते. चार महिन्यांत २४ किलो उतरल्यावर तीच मात्रा जास्त होऊ शकते, आणि जेवल्यावर उठताना डोळ्यांपुढे येणारी अंधारी त्याचीच असू शकेल. गोळी स्वतः बंद करू नकोस, पण या आठवड्यातच डॉक्टरांना विचार. दुसरे, वारंवार उलट्या होऊन पाय लटपटू लागले, पायांना मुंग्या आल्या किंवा एकाची दोन माणसे दिसू लागली, तर तो थायमिनचा, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाचा, तुटवडा असू शकतो. त्यात एक दिवसही घालवायचा नसतो, सरळ दवाखाना गाठायचा.

जेवणाचे म्हणशील, तर माझ्या ताटाचा क्रम बदलला. पूर्वी आपण भाताने सुरुवात करीत होतो. आता मी आधी मोड आलेली मटकी, अंडे किंवा पनीर संपवते, मग भाजी, आणि जागा उरलीच तर अर्धी ज्वारीची भाकरी. दिवसात सहा वेळा थोडे थोडे. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने भरायची म्हटली की मेहनत पडते. एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, हे ऐकायला सोपे आहे. पंगतीत करून पाहा, पोळीवाढपी तीनदा येऊन जातो. पंगतीतल्या आग्रहाशी भांडण्याचा नाद मी सोडला. ताटात पुरणपोळीचा चतकोर वाढून घेते, कडेला ठेवते आणि तोंडाने "वा" म्हणते. गेल्या होळीला आत्याबाईंनी ते पकडले. त्यांना मी रसवंतीची हकीकत सांगितली, ५१ चा आकडा सांगितला, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरं, मग तूप तरी वाढू?"

उपवासांचे तेवढे ठरव. श्रावण तोंडावर आला आहे, आणि दिवसभर पोट रिकामे ठेवून संध्याकाळी एकदम साबुदाणा, रताळे किंवा मोदक खाणे हे आपल्या पोटाला झेपणारे नाही. मी संकष्टी सोडली. सासूबाईंनीच सांगितले, गणपतीला त्या माझ्या वाटणीची एक दूर्वा जास्त वाहतात.

वहीची पहिल्या आठ दिवसांची पाने मला पाठव. त्यात सकाळच्या चहातली साखर खरी लिही, आणि चहाबरोबरची बिस्किटेही मोजून लिही.

तुझीच,
मंगल