क्रॉफर्ड आणि मामलेदार

मुंबई

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर इंग्रज अधिकारी क्रॉफर्डच्या लाच प्रकरणातल्या मामलेदारांचा विषय निघाला आणि तू म्हणालास, "लाच दिली ना त्यांनी? मग भोगायला नको?" तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलो.

आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होता, हे आधीच कबूल करतो. 1865 मध्ये तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. शहराची घाण हटवण्यासाठी तो झटला, 1869 मध्ये आपली ती क्रॉफर्ड मार्केटची मंडई उभी राहिली. पैसा मात्र पाण्यासारखा ओतला. 1871 मध्ये करदाते खवळून उठले, तरी फिरोजशहा मेहतांसारखा माणूस त्याच्या बाजूनं बोलला.

तोच पुढे पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर झाला, तोवर गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला. आणि मामलेदारांच्या बदल्या-बढत्या त्याच्या हातात. हनमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत तो त्यांच्याकडून पैसे उकळतो, असा आरोप 1888 मध्ये पुढे आला. तू महसूल खात्यातला. बदलीच्या हुकमाची टांगती तलवार काय असते, ते तुला मी सांगायला नको.

पण पुरावा द्यायचा कुणी? देणाऱ्यांनीच. म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनं त्यांना अभय दिलं: खरं सांगा, तुम्हाला काही होणार नाही. मामलेदार आले आणि शपथेवर आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडली. निकाल काय? हनमंतरावला शिक्षा झाली. क्रॉफर्डला चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं लाचेच्या आरोपातून सोडलं. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्ज काढलं, एवढ्यावरून त्याला नोकरीतून काढलं.

मग विलायतेत ओरड सुरू झाली, की लाच दिल्याचं कबूल करणारे मामलेदार न्यायनिवाडा कसे करणार? 1889 मध्ये कायदा करून त्यांना खटल्यांपासून वाचवलं, पण दिलेल्या शब्दाचं काय? कित्येकांची नोकरी गेलीच. टिळक त्यांच्या बाजूनं उभे राहिले, पुण्यात सभा झाली, ती याचसाठी.

दत्ता, लाच देणं चूकच. त्यावर आपला वाद नाही. पण मागणारा कमिशनर आणि देणारा मामलेदार यांना तू एका तागडीत तोलतोस, ते मला पटत नाही. आणि त्यांनी तोंड उघडलं ते सरकारच्या शब्दावर विसंबून. गप्प राहिलेले मात्र खुर्चीत सुखरूप राहिले असतील! हे आठवलं की माझा जीव तळमळतो.

तू त्यांच्या जागी असतास, तर साक्षीला गेला असतास का? खरं खरं लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर