चौतीस हजारांचा देश आणि आपली मैदाने

महोदय,

इटलीने वेढलेल्या चिमुकल्या सॅन मारिनोच्या, सतत हरणाऱ्या फुटबॉल संघाला हसणे सोपे आहे. पण देशाची लोकसंख्या जेमतेम ३४ हजार, म्हणजे आपल्या कित्येक तालुक्यांहून कमी. बहुतेक खेळाडू स्थानिक किंवा इटलीच्या खालच्या लीगमधले, नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारे. अशा संघाचा डाव ठरलेला असतो: मागे बचावाला पाच, त्यांच्यापुढे चौघे, दोन रांगांत दहा-बारा मीटरच अंतर. तासभर जमते; मग पाय जड होतात, रांगा फाटतात. तरीही ५ सप्टेंबर २०२४ला त्यांनी लिक्टेनस्टाइन या दुसऱ्या चिमुकल्या देशाला १-० हरवले. स्पर्धात्मक सामन्यातला त्यांचा तो पहिलाच विजय!

एवढासा देश जिंकू शकतो, तर आपण का नाही? कोकणात पोरे दमदार आहेत, अडते ते मैदानाशी. रोलरने घट्ट केलेल्या लाल मातीत पाणी मुरत नाही आणि ऐन पावसात सराव बंद. मैदान मधोमध फूटभर उंच ठेवून दोन्ही कडांना उतार द्यावा. कडेच्या चरांत खडीच भरावी; नुसते चर पहिल्याच पावसात गाळाने बुजतात. प्रेक्षक गॅलरीचे नंतर बघू.

– एक फुटबॉलप्रेमी, रत्नागिरी