चाचणी ज्ञानाची की धिटाईची?

महोदय,
सामान्यांना अर्थशास्त्र कितपत कळते, हे तपासणाऱ्या चाचण्यांचे निकाल बहुधा 'जनता अडाणी' अशा थाटात सांगितले जातात. प्रश्न पाहा : बचतीवर व्याज १ टक्का, महागाई २ टक्के; वर्षभराने त्या पैशांत आजच्यापेक्षा जास्त येईल की कमी? २००४ साली अमेरिकेतल्या पाहणीसाठी लुसार्डी आणि मिचेल या अर्थतज्ज्ञांनी तो तयार केला. प्रश्न चोख आहे, घोळ 'माहीत नाही' या पर्यायाचा. नेदरलँड्समध्ये तो पर्याय काढल्यावर स्त्रियांची बरोबर उत्तरे वाढली. म्हणजे काहींना उत्तर येत होते, फक्त खात्री नव्हती. (ठोकून देण्यात आम्ही पुरुष पटाईत!) तेव्हा निकाल छापताना 'चूक' आणि 'माहीत नाही' यांचे आकडे निदान वेगवेगळे द्यावेत.
– एक वाचक