पुराची रेघ पुसायच्या आत (पानशेतच्या खुणा शोधायला मदत हवीये)

नमस्कार मंडळी. पुण्यात नारायण, शनिवार, कसबा, डेक्कन, मुठेच्या काठी जे कुणी राहतात किंवा आधी राहायचे त्या सगळ्यांसाठी हे आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका वाड्याचं रंगकाम झालं आणि जिन्यापाशी गेरूने मारलेली एक वाकडी रेघ गेली. बाजूला फक्त 12-7-61 लिहिलेलं होतं. वाड्यातल्या आजी छत्रीच्या टोकाने दाखवायच्या, "इथवर होतं बघ पाणी", आणि ती रेघ माझ्या डोक्याच्या हातभर वर. रंगवाल्याला तरी काय बोलणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. आंबी नदीवर पानशेत धरण, मोशीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, तिन्हीकडचं पाणी येतं खडकवासल्यात आणि तिथून विठ्ठलवाडीवरून सरळ आपल्या पेठांच्या कडेने संगमाला, मुळेत. म्हणजे डोंगरात काहीही झालं तरी वाट एकच, आपल्या दारातली. 12 जुलै 1961 ला काम पूर्ण न झालेलं पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचली म्हणून थोडा तरी वेळ मिळाला नाहीतर अंधारातच सगळं झालं असतं. लकडी पुलावरूनसुद्धा पाणी गेलं (लकडी म्हणायचं फक्त, पानिपताच्या वर्षी बांधलेला तो लाकडाचा पूल कधीच वाहून गेलाय). मातीचे वाडे बसले, लोक गोखलेनगर, सहकारनगरला गेले.

आता आपण काय करतो, तर भिडे पूल पाण्याखाली गेला की कणीस खात बघायला जातो आणि किती क्युसेक सोडलं ते एकमेकांना फॉरवर्ड करतो. मीही करतो. पण 25 जुलै 2024 ला एकतानगरीत घरात पाणी शिरलं तेव्हा तिथल्यांना ते बघायला जायची गरज नव्हती.

आम्ही दहाबारा जण उरलेल्या रेघा शोधून प्रत्येक ठिकाणी एक छोटी इनॅमलची पाटी लावणार आहोत, मालकांची परवानगी घेऊनच. नुसती रेघ बघून मात्र कळत नाही, कारण रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून जोती गाडली गेलीयेत, तेव्हा डोक्यावर असलेली खूण आज छातीशी दिसते. म्हणून नीट लेव्हल काढायचीये. कुणी सिव्हिलवाले असतील, डम्पी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) असेल, तर दोन रविवार द्या प्लीज.

एका पाटीला साधारण 1,200 रुपये लागतायत. पूर्ण द्या, चारजणात मिळून द्या, शंभर दिले तरी चालतील, पावती मिळेल आणि हिशोब गणपतीच्या मांडवात लावू. पैसे नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठल्या फळीपर्यंत होतं, कुठल्या पायरीवर थांबलं. आठवत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आम्ही घरी येऊन ऐकू. आणि वाडा रिडेव्हलपमेंटला जात असेल तर पाडायच्या आधी कळवा, नंतर नको.

दर रविवारी सकाळी 8 ला ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर भेटतो. कुणाकडे घडीची शिडी असेल तर घेऊन या, आमच्या शिडीची मधली पायरी गेलीये.