मायच्या कानाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टर ताईंना

डॉक्टर ताई,

सप्रेम नमस्कार. शिक्षण संपवून तुम्ही अंबाजोगाई सोडली, एवढंच वॉर्डातल्या सिस्टर सांगतात. पत्ता मिळाला नाही, म्हणून हे उघडं पत्र. केज तालुक्यातले अण्णा, माझे वडील, आतड्याला पीळ पडलेले, खिडकीकडची कॉट. सलाईन काढा म्हणून रोज भांडायचे, आठवतील.

तुमच्याकडं यायच्या आधी आम्ही एका मोठ्या खासगी दवाखान्यात होतो. नाव घेत नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, उलट्या थांबेनात, आणि तिथं गॅसची गोळी अन् पोट साफ व्हायचं औषध चालू. मायनं विचारलं तर म्हणे, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? बाहेर बसा." डिपॉझिट घेताना मात्र कुणी बाहेर बसवलं नाही. तो राग अजून गेला नाही, जाऊही नये.

ऑपरेशन तुम्ही लोकांनी केलं, त्याबद्दल मी काय लिहिणार. आमचा जीव टांगणीला लागला तो नंतर. टाके पडले, पण आतडी हलेनात. नाकात नळी, पाण्याचा घोटही बंद, आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "चमचाभर पेज तरी द्या, माणूस वाळून चाललाय." तुम्ही सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की अशा ऑपरेशननंतर आतडी काम थांबवतात. लहान आतडं बहुतेक दिवसभरात जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. कधी त्याहून उशीर. तोवर पेज घातली तर उलटी होऊन छातीत जायची. पाहुणे गप झाले.

मग मी शहाणपणा केला. मोबाईलवर वाचलं होतं, तेव्हा गिळायची सेन्सरची कॅप्सूल मिळायची, पोटातून दाब, आम्लता, तापमान कमरेच्या यंत्राला कळवायची. ती द्या म्हणालो. तुम्ही झटकलं नाही. अमेरिकेत तिला 2006 साली मान्यता मिळाली. जठरातून पुढं सरकली की आम्लता एकदम उतरते, अंगाबाहेर पडली की तापमान घसरतं, त्यावरून कुठं किती वेळ लागला ते समजतं, हे सगळं उभ्या-उभ्या सांगितलं. पण नुकतंच पोट उघडलेल्याला ती द्यायची नसते. अडकली तर पुन्हा ऑपरेशन.

"मंग आम्हाला कळावं कसं?" माय बोलली.

तुम्ही गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. चकती तळहातावर घासून ऊब आणली, अण्णांच्या बेंबीच्या बाजूला टेकवली आणि मायचा पदर हळूच मागं सारून, बुगड्या सांभाळत, नळ्या तिच्या कानात घातल्या. शेजारच्या कॉटवरची मंडळी बघत होती. माय डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कायतरी गुडगुडलं गं बाई!"

"चांगलंय, मावशी. पण नुसत्या आवाजावर भरवसा नाही. वारा सरला की मला उठवा, रात्र असली तरी."

आम्ही उठवलंच, पहाटेच्या आधी. केस विस्कटलेले, डोळे लाल, पण कपाळावर आठी नाही. तपासलंत आणि म्हणालात, "अण्णा, आता सकाळी चालायचं." मायनं तुमचा हात धरला, तो तुम्ही सोडवून घेतला नाही.

खेड्यातली बाई दवाखान्याची पायरी चढली की तिला आधी अडाणी ठरवतात, मग पेशंट बघतात. नवऱ्याच्या पोटात काय चाललंय हे तिला कळलं पाहिजे, असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. तुमच्यासारखी माणसं सरकारी वॉर्डात, फॅन बंद असलेल्या खोलीत, एवढ्या गर्दीतही भेटतात. मोठ्या काचेच्या दारामागं का भेटू नयेत, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

अण्णा ठणठणीत आहेत. भाकरी कडक झाली म्हणून मायशी भांडतात. माय गावभर सांगत फिरते, "म्या सोता ऐकलं." थंडी पडली की शेतात हुरडा निघेल, गूळभेंडी ज्वारी पेरलीय. जिथं असाल तिथून या. एसटी केजला उतरवते, पुढं न्यायला मी येतो.

तुमचा,
अण्णांचा थोरला